बॅटरीसाठी अख्खा लॅपटॉप जमा

लॅपटॉपची बॅटरी काही वर्षांत संपते, याबद्दल माझी तक्रार नाही. लिथियमची बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. माझी तक्रार आहे ती ही झिजणारी वस्तू यंत्राच्या पोटात बंद करण्याबद्दल, आणि ती बिघडली की ग्राहकालाच दोषी धरण्याबद्दल. मी कराडला कर सल्लागार आहे. जुलैचा शेवटचा पंधरवडा आमच्या कामात काय असतो, हे मी वेगळं सांगायला नको. नेमक्या त्याच दिवसांत माझा लॅपटॉप कोल्हापूरच्या एका सर्व्हिस सेंटरच्या कपाटात पडून होता. त्याचा प्रोसेसर चांगला होता, स्क्रीन चांगला होता, डिस्क ठणठणीत होती. बिघडली होती फक्त बॅटरी.

सुरुवात ट्रॅकपॅडपासून झाली. डाव्या कोपऱ्यात क्लिक लागेना. माऊस जोडून काम चालू ठेवलं. मग झाकण मिटल्यावर पुढच्या बाजूला बारीक फट दिसू लागली. ज्याने लॅपटॉप विकला त्याला फोन केला, तर तो म्हणाला, बिजागरी सैल झाली असेल, सीझन संपला की घेऊन या. एका संध्याकाळी एका अशिलाच्या घरी काम होतं. त्यांच्या काचेच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि टाइप करायला लागले, तर तो हलायला लागला. टेबल हलतंय असं वाटून त्यांनी पायाखाली पुठ्ठा सरकवला. तरी हलतच होता. मी लॅपटॉपच्या कोपऱ्याला बोट लावलं आणि तो मधल्या भागावर गोल फिरला. उलटा करून पाहिला तर खालचं झाकण मधोमध वर आलेलं, आणि एका कडेला दोन स्क्रूंच्या मधली पट्टी उघडलेली. तिथून आतलं काळं आवरण दिसत होतं. गेले काही आठवडे हा लॅपटॉप मी मांडीवर घेऊन बसत होते, रात्री चार्जिंगला लावून शेजारच्या खोलीत झोपत होते, आणि माझी मुलगी त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ पाहत होती. ते आठवून हात थंड पडले. तिथेच बंद केला.

त्या बॅटरीत काय झालं होतं, ते नंतर मी नीट समजून घेतलं. बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की आतल्या द्रवाचं हळूहळू विघटन होतं आणि वायू तयार होतो. जुन्या जाड लॅपटॉपमध्ये १८६५० या मापाचे गोल सेल असत, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. त्यांना पोलादी कवच असतं, दाब वाढला तर तो सोडण्याची सोय असते. आजचा पातळ लॅपटॉप मिटलेला असतानाच १५-१७ मिलिमीटर जाड, त्यात हे सेल मावणारच नाहीत. म्हणून पातळ पिशवीतले चपटे सेल आले. त्या पिशवीला कडक कवच नाही, त्यामुळे आत वायू झाला की ती फुगते, आणि जागा नसल्याने वरचा ट्रॅकपॅड आणि खालचं झाकण ढकलते. एवढं माहीत असताना ही पिशवी ग्राहकाच्या हाताला लागणार नाही अशी बसवायची, हा निर्णय यंत्र बनवणाऱ्यांचा आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटासुद्धा केला नाही. बिलाची तारीख पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, बॅटरी कन्झ्युमेबल असते. तिची वॉरंटी एकच वर्ष."

मी तीन वर्षांच्या वॉरंटीचे वेगळे पैसे भरले होते. ते सांगितलं, तर म्हणाला, ती यंत्राची आहे.

"मग हा ट्रॅकपॅड यंत्राचाच ना?"

"तो फिजिकल डॅमेज आहे. फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही."

"डॅमेज कुणी केलं? तुमच्याच बॅटरीने केलं ना?"

यावर त्याने जे उत्तर दिलं ते मी अजून विसरलेले नाही. म्हणाला, "तुम्ही चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवत असाल."

ऑफिसात टेबलावर काम करणारी कुठलीही व्यक्ती लॅपटॉप चार्जरला लावूनच काम करते. विकताना कुणी सांगत नाही की असं करू नका. आणि खरी चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. त्याच कंपनीच्या त्याच लॅपटॉपमध्ये, तिच्याच ॲपमध्ये, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय होती. ती बंद अवस्थेत आलेली होती. सतत पूर्ण भरून ठेवलं की बॅटरी लवकर खराब होते हे कंपनीला माहीत आहे, म्हणूनच तर ती सोय आहे. मग ती पहिल्या दिवसापासून चालू का नाही? हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला, त्याच्या मॅनेजरला विचारला, ईमेलमध्ये लिहिला. उत्तर आलं नाही.

एस्टिमेट आलं अठरा हजारांच्या वर. त्यात बॅटरी निम्म्याहून कमी. बाकी पैसे कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडसह अख्ख्या वरच्या कव्हरचे, कारण ते म्हणे सुटं मिळतच नाही. बॅटरी स्टॉकमध्ये नाही, मागवावी लागेल, तोवर लॅपटॉप इथेच ठेवा. वर एका कागदावर सही मागितली: डेटा गेल्यास आमची जबाबदारी नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये शेकडो लोकांचे पॅन, बँक खाती, फॉर्म १६. बॅकअप माझ्याकडे होता, पण माझ्या अशिलांचे कागद अनोळखी कपाटात का ठेवायचे? मी डिस्क काढून द्या म्हणाले. आधी नकार, मग बरीच हुज्जत, मग डिस्क काढून दिली. ऑनसाइट वॉरंटीचं काय, हेही विचारलं. फुगलेली बॅटरी घरी येऊन बदलत नाहीत, असं कळलं. आणि याच मॅनेजरने आदल्या दिवशी फोनवर मला सांगितलं होतं, "पार्ट येईपर्यंत वापरा तुम्ही, काही होत नाही." घरी येऊन हात लावण्याइतकी ती सुरक्षित नाही, पण माझ्या मांडीवर ठेवण्याइतकी सुरक्षित आहे?

आमच्या इथल्या दुरुस्तीवाल्या मुलाने मात्र खरं सांगितलं. "ताई, ही गोंदावर बसवलेली आहे. उपसताना पिशवी फाटली तर पेट घेईल. मी हात लावणार नाही." पैसे मिळत असताना नाही म्हणणारा तो एकटाच भेटला.

रिटर्न्सचं काम पार पडलं ते २०११च्या जुन्या, जाडजूड लॅपटॉपवर. त्याची बॅटरी कधीच मेलेली. खालचे खटके सरकवून ती काढून ठेवली आहे आणि यंत्र थेट चार्जरवर चालतं. लाइट गेली की बंद पडतं, म्हणून यूपीएसला जोडलं. संथ चालतं, पण ३१ जुलैला त्याच्यामुळेच माझी लाज राहिली.

हाच फरक मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर दोन घटना शेजारी ठेवा. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या एक्केचाळीस लाख बॅटऱ्या परत बोलावल्या, कारण त्या तापून पेट घेत होत्या. ग्राहकांना सूचना काय होती? लॅपटॉप बंद करा, बॅटरी काढा, नवी येईपर्यंत ॲडॅप्टरवर काम करा. धोका मिनिटभरात घराच्या कोपऱ्यात जाऊन पडला, काम चालू राहिलं. २०१९ मध्ये ॲपलने प्रामुख्याने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ दरम्यान विकलेले काही १५ इंची मॅकबुक प्रो अशाच कारणासाठी परत बोलावले. या वेळी सूचना होती वापर थांबवा, आणि बॅटरी बदलायला लॅपटॉपच जमा करा. आपल्याकडे हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने ते विमानात नेऊ नका असं आवाहन केलं. तोच दोष, तीच लिथियमची बॅटरी. पण तेरा वर्षांत ग्राहकाच्या हातातला खटका गेला आणि त्याबरोबर त्याचं यंत्रही गेलं.

पातळ हवं म्हणून हे करावंच लागतं, असं सांगतात. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला, तेव्हापासून हे ऐकतो आहोत. पण २०१८चा थिंकपॅड टी४८० साधारण २० मिलिमीटर जाड होता आणि त्यात आत एक बॅटरी, मागे दुसरी काढता येणारी. लॅपटॉप चालू असतानाच मागची बदलता यायची. पुढच्या वर्षीच्या टी४९० मध्ये ती सोय काढून टाकली. काही मिलिमीटरसाठी मी अठरा हजार मोजायला तयार नाही. भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपला म्हणून कुणी घड्याळ दुकानात जमा करत नाही.

आता ज्यांच्यावर ही वेळ यायची आहे त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी, आज घरी गेल्यावर लॅपटॉप मिटून काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि कोपऱ्याला बोट लावून फिरवून पाहा. डुगडुगला किंवा फिरला, ट्रॅकपॅड वर आला असेल, कीबोर्ड मधे उचललेला वाटला, तर बंद करा आणि चार्जर काढा. ॲडॅप्टरवरही वापरू नका. दाबून बसवायचा प्रयत्न नको, टाचणी तर मुळीच नको. कागदपत्रांच्या कपाटात ठेवू नका. कुरिअरने पाठवू नका आणि विमानात नेऊ नका. "काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याला ते लेखी द्यायला सांगा.

एस्टिमेटवर सही करण्याआधी एक अट घाला: आधी फक्त बॅटरी काढा, मग ट्रॅकपॅड तपासा. मी ही अट धरून बसले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक ईमेलमध्ये घातला, तेव्हा ते तयार झाले. बॅटरी काढल्यावर ट्रॅकपॅड आपोआप जागेवर बसला. क्लिक लागतं, कीबोर्ड सपाट आहे, आजतागायत एक तक्रार नाही. ज्या फिजिकल डॅमेजसाठी माझ्याकडून दहा हजारांहून जास्त उकळणार होते, ते डॅमेज नव्हतंच. दिलगिरीचा एक शब्द कुणी बोललं नाही.

चार्जिंगची मर्यादा लगेच घाला. लेनोव्होमध्ये तिला कन्झर्वेशन मोड म्हणतात, असूसमध्ये बॅटरी केअर. डेल आणि एचपीच्या लॅपटॉपमध्येही तशी सोय मिळते, कधी ॲपमध्ये, कधी बायोसमध्ये. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यातला डिझाइन कपॅसिटीचा आकडा आणि फुल चार्ज कपॅसिटीचा आकडा यांतलं अंतर किती वाढलं ते अधूनमधून पाहा. बॅकअप ठेवा, लॅपटॉप उशी-गादीवर ठेवू नका, उन्हात गाडीत सोडू नका.

मूळ बॅटरी आधीच घेऊन कपाटात ठेवण्याचा सल्ला मला एकाने दिला. ऐकू नका, ती पडून पडूनही म्हातारी होते. बाजारातली स्वस्त 'कंपॅटिबल' बॅटरी तर घेऊच नका.

चहा किंवा पाणी सांडलं तर पूर्वी पहिलं काम बॅटरी काढणं हे होतं. आता ते करता येत नाही, म्हणून पॉवरचं बटण दाबून धरून यंत्र बंद करा आणि सरळ दुरुस्तीला न्या.

नवा लॅपटॉप घेताना जाडी विचारू नका. त्या मॉडेलचं मेंटेनन्स मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. बऱ्याच मोठ्या कंपन्या ते फुकट देतात. बॅटरीच्या पानावर स्क्रू दाखवलेत की गोंद, आणि कीबोर्ड सुटा मिळतो की वरच्या कव्हरसकट, एवढं बघा. स्क्रू असतील तर गावातला साधा कारागीरही बॅटरी बदलू शकतो. दुकानदाराकडून बॅटरीचा आजचा दर लिहून घ्या. बदललेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका; २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या आणि पोच मागा.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी ग्राहकाला साध्या, बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी काढता आणि बदलता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, पण पोर्टलवर माहिती मिळते, बॅटरी सुटत नाही. त्याच कंपन्या दोन्हीकडे माल विकतात. युरोपसाठी जे स्क्रू त्या बसवतील ते इथेही बसवायला लावता येतील. ग्राहक पंचायतीत काम करणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे: ही मागणी दिल्लीपर्यंत न्या. आणि ज्यांचे लॅपटॉप असे फुगले आहेत त्यांनी दुरुस्तीचं बिल भरून गप्प बसू नये. १९१५ वर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा.