आवाजाचे पाट : डीजे मिक्सरची ओळख

स्नेहसंमेलन ऐन रंगात आले असताना कर्ण्यांतून आवाज फाटू लागला, की मिक्सरपाशी बसलेला विद्यार्थी बहुधा एकच गोष्ट करतो : मुख्य बटण खाली आणतो. आवाज लहान होतो. फाटलेला मात्र तसाच राहतो. असे का व्हावे? उत्तर मिक्सरच्या रचनेतच आहे.

शेतात दारे धरणारा माणूस पाटाचे पाणी कोणत्या वाफ्यात किती सोडायचे ते ठरवतो. मिक्सरवरचे काम याच जातीचे. तबकडी, सीडी, लॅपटॉप, मायक्रोफोन अशा प्रत्येक स्रोताला स्वतंत्र पाट असतो. त्याला चॅनेल म्हणतात. सर्व चॅनेल एकत्र मिळतात आणि मुख्य मार्गाने ॲम्प्लिफायरकडे व तेथून कर्ण्यांकडे जातात.

पहिला प्रश्न, कोणता स्रोत कोठे जोडायचा. तबकडीच्या सुईकडून येणारा विद्युत्‌दाब जेमतेम ५ मिलिव्होल्ट असतो. सीडी प्लेअरचा त्याच्या साठपट किंवा त्याहूनही अधिक. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए प्रमाणानुसार वाजवताना याची उलट भरपाई करावी लागते. ती भरपाई ‘फोनो’ या जोडणीत होते. ‘लाइन’मध्ये होत नाही. म्हणून लॅपटॉप फोनोला जोडला तर आवाज फाटतो, आणि सुई लाइनला जोडली तर तो क्षीण व पोकळ येतो. तबकडीयंत्राची अर्थिंगची तार मिक्सरला जोडायची राहिली, तर विजेची गुणगुण ऐकू येते ती वेगळीच.

यानंतर येते ‘गेन’चे बटण, आणि सारी मेख येथे आहे. खर्ज, मध्य व तार यांची बटणे मध्यावर ठेवावीत. गाण्यातला सर्वांत मोठा भाग वाजवून, दिवे शून्याच्या आसपास खेळतील इतकाच गेन द्यावा. दर ६ डेसिबलला विद्युत्‌दाब दुप्पट होतो. मंडलाची मर्यादा संपली की लहरीचे माथे कापले जातात आणि मूळ गाण्यात नसलेले स्वर त्यात मिसळतात. पाणी विहिरीपाशीच गढूळ झाले, तर खालचे दार अर्धे लावून ते निवळत नाही. वाफ्यात थोडे गढूळ पाणी येते, इतकेच. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. उपाय मुख्य बटणाशी नसून गेनपाशी आहे.

पुढचे गाणे श्रोत्यांच्या आधी आपण ऐकावे, यासाठी ‘क्यू’ची सोय असते. चॅनेलचा सरकता दांडा बंद असला, तरी त्याच्या अलीकडून घेतलेला आवाज हेडफोनमध्ये मिळतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ॲलेक्स रोसनर व रूडॉल्फ बोझॅक यांनी नृत्यगृहांसाठी जे मिक्सर बनविले, त्यांच्या मुळाशी हीच गरज होती : एक तबकडी सुरू असताना दुसरी तयार ठेवणे. गेनही याच वेळी जुळवून घ्यावा. म्हणजे गाणे बदलताना आवाज एकदम उसळत नाही.

दोन गाणी काही क्षण एकत्र वाजणार असतील, तर एकाचा खर्ज चढवताना दुसऱ्याचा उतरवावा. दोन्ही ढोल एकाच वेळी भिडले, की बेरीज मुख्य मार्गाला पेलत नाही. प्रत्येक पाट स्वच्छ असूनही संगमावर आवाज फाटतो.

हे सारे केवळ यंत्राच्या भल्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचविली आहे. कर्णे जळाले तर नवे आणता येतात; अंतःकर्णातल्या श्रवणपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा पुढच्या संमेलनात ज्याच्या हाती मिक्सर असेल, त्याने आवाज फाटताच उगमाकडून शोध सुरू करावा : आधी जोडणी, मग गेन, मग खर्ज-तार, आणि मुख्य बटण सर्वांत शेवटी.