सातवा दिवस



नागपूर शहरातील काही भागांची नावे आठवून पाहा. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. ही सारी नावे वारांवरून पडली आहेत. आजच्या गांधीसागर तलावालाही लोक पूर्वी जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणत. ज्या वारी जिथे बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या जागेला मिळाले. म्हणजे आपल्या शहराने वार लक्षात ठेवले ते कामासाठी आणि व्यापारासाठी. पण एखाद्या समाजाला त्याच्या विश्रांतीच्या वारावरून नाव मिळाले असेल, असे तुम्हांला वाटते का? असा एक समाज महाराष्ट्रातच आहे. त्याची ही हकिकत आहे.

कोकणात अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांत बेने इस्राएल नावाचे यहुदी लोक अनेक शतकांपासून राहत आले. आपल्या पूर्वजांचे जहाज नवगावजवळ फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे ते परंपरेने सांगतात. त्यांची भाषा मराठी झाली आणि पोशाखही इथलाच झाला. गावावरून त्यांना आडनावे मिळाली. पेणचे ते पेणकर आणि नवगावचे ते नवगावकर. त्यांच्यापैकी पुष्कळांचा धंदा तेल गाळण्याचा होता. आठवड्याचे सहा दिवस त्यांचा घाणा फिरे, पण शनिवारी तो बंद असे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्याच भागातले दुसरे तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत. ते ‘सोमवार तेली’ झाले.

विचार करा, घाणा एक दिवस बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. गरीब माणसाला हे सोपे नव्हते. समुद्रात आपले धर्मग्रंथ गेले, असे हे लोक सांगत. इतर यहुद्यांशीही त्यांचा संबंध फारसा उरला नव्हता. तरीही त्यांनी हा एक दिवस सोडला नाही. या दिवसाला ते ‘शब्बाथ’ म्हणतात. अरबी भाषेत शनिवारला ‘यौमुस्सब्त’ म्हणतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. तुमच्या उर्दूत तर ‘हफ्ता’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, आठवडा आणि शनिवार. मराठीत मात्र ‘हप्ता’ म्हटले की आपल्याला पैसे भरण्याची आठवण होते!

शब्बाथ सुरू होतो तो शुक्रवारी सूर्य मावळताना. इस्लामी महिन्याची तारीखही सूर्यास्तालाच बदलते, हे तुम्ही घरी पाहिलेच आहे. सूर्य मावळण्यापूर्वी घरातील स्त्री दिवा लावते. सारे कुटुंब एकत्र बसते. काळ्या मनुका पाण्यात भिजवून केलेल्या रसावर प्रार्थना म्हटली जाते आणि मग सगळे मिळून जेवतात. शब्बाथला चूल पेटवायची नसते. म्हणून स्वयंपाक आणि झाडलोट आधीच करावी लागते. या तयारीत मुलांचाही हात लागतो. विश्रांती आयती मिळत नाही, तिचीही तयारी करावी लागते, हे मूल तिथे न शिकवता शिकते.

या नियमात आणखी एक मोठी गोष्ट आहे. हा आराम फक्त घरमालकासाठी सांगितलेला नाही. मुलगा, मुलगी, नोकर, परका पाहुणा, इतकेच नव्हे तर बैलसुद्धा त्या दिवशी मोकळा. डोळ्यांवर झापड बांधून सहा दिवस घाण्याभोवती फिरणारा बैल सातव्या दिवशी दावणीला निवांत उभा राहत असे. आपल्या विदर्भात पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. त्यामागचा भाव हाच आहे.

शेतातल्या बैलाला विश्रांतीचा दिवस होता, पण गिरणीतल्या माणसाला नव्हता. आपल्या नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईत तर अनेक गिरण्या होत्या. त्या काळी कामगारांना दर आठवड्याला सुट्टी मिळावी, असा नियम नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. मालकांनी ती लगेच मान्य केली नाही. लोखंडे यांनी धीर सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिच्यात स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, कारखान्यांच्या कायद्यातही साप्ताहिक सुट्टी आली.

मुसलमानांचा जुमा शब्बाथपेक्षा वेगळा आहे. जुम्याची अजान झाली की खरेदी-विक्री थांबवायची, नमाजला जायचे आणि नमाज झाल्यावर पुन्हा आपल्या रोजीच्या शोधात निघायचे. दिवसभर काम बंद ठेवण्याचा हुकूम नाही. रीत निराळी आहे, पण पैशाच्या व्यवहारालाही कुठेतरी थांबावे लागते, ही शिकवण दोन्हीकडे आहे.

आता तुमच्या घरातील सुट्टीचा दिवस आठवा. वडील उशिरा उठतात. तुम्ही खेळायला जाता किंवा मोबाईल घेऊन बसता. आणि आई? त्या दिवशी सगळे घरी, म्हणून पोळ्या जास्त, कपडे जास्त, भांडी जास्त. मग ती सुट्टी कोणाची? एकाच्या आरामासाठी दुसऱ्याचे काम दुप्पट होत असेल, तर त्याला घराची सुट्टी म्हणता येईल का?

यासाठी मोठ्या गोष्टी कराव्या लागत नाहीत. आदल्या संध्याकाळी आपले कपडे आपण धुवावेत. भाजी निवडून ठेवावी. पाणी भरून ठेवावे. सुट्टीच्या दिवशी एक जेवण तरी सर्वांनी एका दस्तरखानावर बसून करावे आणि तेवढा वेळ मोबाईल दूर ठेवावा. आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीची एखादी हकिकत विचारावी. जेवणानंतर भांडी मुलांनी घासावीत, आणि मुलांनी म्हणजे मुलग्यांनीसुद्धा.

भारत स्वतंत्र झाल्यानंतर बेने इस्राएलांपैकी बहुतेक लोक इस्राएल देशात गेले. कोकणात आता त्यांची थोडीच घरे उरली आहेत. घाणेही थांबले. पण शनिवार तेली हे नाव अजून लोकांच्या आठवणीत आहे. आपल्या कामावरून तर सगळेच ओळखले जातात. हे लोक मात्र कोणत्या दिवशी थांबतात यावरून ओळखले गेले.

शब्दार्थ
घाणा – तेल गाळण्याचे यंत्र, कोल्हू
दावण – गुरे बांधण्याची जागा
जू – बैलाच्या मानेवर ठेवायचे लाकूड
आयते – कष्ट न करता मिळालेले
झापड – डोळे झाकण्याची पट्टी

स्वाध्याय
१. बेने इस्राएल लोकांना ‘शनिवार तेली’ हे नाव का पडले?
२. रविवारची सुट्टी मिळविण्यासाठी लोखंडे यांनी काय केले?
३. ‘मग ती सुट्टी कोणाची?’ असे लेखात का विचारले आहे?
४. येत्या सुट्टीच्या दिवशी आईची कोणती तीन कामे तुम्ही कराल, ते लिहा. सोमवारी ती केली की नाही, ते वर्गात सांगा.