दोन पाळ्यांचा हिशेब

गोखिवऱ्याच्या गाळ्यांत काम करणाऱ्या मुलींना रात्रपाळीच्या तारखा तोंडपाठ असतात. महिन्याच्या पाळीची तारीख विचारली, की त्या आईकडे नाहीतर मोबाइलकडे बघतात. तरी ‘सेफ दिवस’ मात्र बोटांवर मोजलेले असतात! झोपमोड, दगदग यांनी बीज सुटण्याचा दिवस पुढेमागे होतो आणि शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्या बोटांच्या हिशेबावर विसंबू नका.

नको असताना दिवस जाणे ही ‘तसल्या’ मुलींची अडचण, असा आपल्याकडे समज आहे. माझ्यासमोर येतात त्या बहुतेक मंगळसूत्र घातलेल्या, विशी-बाविशीच्या, कडेवर तान्हे घेतलेल्या. ‘डॉक्टर, पाळीच आली नव्हती, मग दिवस गेले कसे?’ बाळंतपणानंतर बीज आधी सुटते, पाळी नंतर येते. अंगावरच्या दुधाचे संरक्षण खरे आहे, पण बाळ सहा महिन्यांच्या आतले, दिवसरात्र फक्त आईच्या दुधावर आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच. आई कामावर गेली, सासूने बाटली लावली, की ते संपले.

मेडिकलमधली ‘बहात्तर तासांची गोळी’ बीज सुटणे लांबवते. आधीच सुटले असेल तर तिचा उपयोग नाही, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकी बरी. काल घेतलेली गोळी उद्याच्या संबंधाला मात्र चालत नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर-टी तिच्याहून खात्रीची.

टीबीचे औषध चालू असेल तर सांगायला विसरू नका. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात. अशा वेळी कॉपर-टी किंवा कंडोम.

‘त्यांना कंडोम आवडत नाही’ हे तर रोजचेच. त्यांना पुढच्या वेळी माझ्याकडे घेऊन या. तोवर सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या मोफत मिळतात. आशाताईंना विचारा.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 7.6 टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. वय कमी असले, की विचारायची लाज जास्त. त्यातून मुली गर्भपाताच्या गोळ्या परस्पर घेतात. गर्भ नळीत असेल तर त्या काम करत नाहीत, आणि नळी फुटली तर जिवावर बेतते. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. ठरावीक परिस्थितीत 24 आठवड्यांपर्यंतची मुभा अविवाहितेलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले.

तारीख उलटली, की सकाळच्या पहिल्या लघवीची कार्डवर तपासणी करा. एकच रेघ आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा.