बॉयलरला ६०, खोलीला १९

लेस्टरच्या मावशीकडून, विलायतेतल्या पहिल्या हिवाळ्यात उतरणाऱ्या भाचीला

रेवा, घराच्या किल्ल्या हातात आल्या की पहिलं काम मीटरचं. गॅस आणि वीज, दोन्हींच्या आकड्यांचे फोटो काढ आणि त्याच दिवशी पुरवठादार कंपनीला कळव. आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या गळ्यात पडता कामा नये. प्रीपेमेंटचं मीटर असेल तर हे काम आणखी निकडीचं, कारण तिथे जुनी बाकी तुम्ही भरलेल्या पैशांतून परस्पर कापली जाऊ शकते.

‘प्राइस कॅप’ हा शब्द तुला बातम्यांत सारखा ऐकू येईल. ऑफजेम ही सरकारी नियामक संस्था २०१९ पासून ही मर्यादा ठरवते आणि आता ती दर तीन महिन्यांनी बदलते. पण मर्यादा असते युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्टँडिंग चार्जवर, तुमच्या एकूण बिलावर नाही. जेवढं जाळाल तेवढं भराल. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या साधारण चौपट महाग पडतं. दोन किलोवॉटचा छोटा हीटर तासाला सुमारे ५० पेन्स खातो. अर्ध्या तासापुरता एका खोलीत लावायला हरकत नाही, पण गॅसचं हीटिंग असलेल्या घरात त्याची सवय लावून घेऊ नका.

आता बॉयलर. माझं सगळ्यात जास्त सांगणं याच्याबद्दलच आहे, कारण पैसे इथेच वाचतात आणि नेमकं इथेच कोणी बघत नाही. तुमच्याकडे कॉम्बी बॉयलर असेल तर त्यावर बहुधा दोन बटणं दिसतील, एकावर रेडिएटरचं चित्र आणि दुसऱ्यावर नळाचं. रेडिएटरचं बटण बसवणारा माणूस ७५ किंवा ८० अंशांवर ठेवून जातो. ते ६० वर आण. २००५ पासून इथे बसवलेले बहुतेक बॉयलर ‘कंडेन्सिंग’ जातीचे आहेत. धुराबरोबर निघून जाणाऱ्या वाफेचं पाणी करून ते तिच्यातली उष्णता परत मिळवतात. पण रेडिएटरमधून फिरून परत आलेलं पाणी ५५ अंशांपेक्षा थंड असेल तरच हे नीट घडतं. ८० वर चालणारा बॉयलर आपला हा गुण वापरतच नाही, ती उष्णता भिंतीबाहेर सोडून देतो. २०२२ च्या डिसेंबरात सरकारनेही घरोघरी हाच सल्ला दिला होता. ६० वर रेडिएटर हाताला कमी गरम लागतील आणि खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल. पुरणाला मंद आच लागते तसंच हे, म्हणून सुरुवात वीस मिनिटं आधी करायची. फक्त घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर एवढं खाली आणू नकोस. टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर त्यात लीजनेला नावाचे जंतू वाढतात.

नळाला चटकन गरम पाणी यावं म्हणून काही कॉम्बी बॉयलर दिवसभर थोडं पाणी तापवून ठेवतात. ती ‘प्रीहीट’ची सोय बंद करून टाक. अर्धं मिनिट थांबावं लागेल, एवढंच.

थर्मोस्टॅट १९ वर ठेव. बाहेर ७ अंश आणि आत २० असेल तर घर १३ अंशांच्या फरकाशी झगडत असतं. १९ केलं की तो फरक १२ होतो, म्हणजे एका अंशात सात-आठ टक्के उष्णता वाचली. बाहेरून गारठून आल्यावर जावईबापू तो २५ वर नेतील, त्यांना आत्ताच सांगून ठेव: त्याने खोली लवकर तापत नाही, नको तेवढी तापते. ‘दिवसभर मंद चालू ठेवलेलं स्वस्त पडतं’ असंही तुला कोणीतरी छातीठोकपणे सांगेल. गॅसच्या बॉयलरला ते लागू नाही. तुम्ही दोघं कामावर आणि बाळ नर्सरीत, मग रिकामं घर कशाला तापवायचं?

रेडिएटरच्या कडेला १ ते ५ आकड्यांची फिरकी असते. ३ म्हणजे साधारण २० अंश. न वापरलेल्या खोलीत ती १ वर ठेव आणि त्या खोलीचं दार लावून घे. जिथे थर्मोस्टॅट आहे तिथली फिरकी मात्र पूर्ण उघडी हवी. नाहीतर तो रेडिएटर आधीच बंद होईल, थर्मोस्टॅटला खोली थंडच वाटत राहील आणि बॉयलर उगाच जळत राहील. रेडिएटरला सोफा टेकवू नका, त्यावर पडदा सोडू नका.

हे सगळं करून एक महिना काढा आणि मगच स्मार्ट यंत्रांकडे वळा. स्मार्ट मीटरबरोबर मिळणारा छोटा पडदा स्वयंपाकघरात समोर ठेव. त्यावर विजेचा आकडा जवळजवळ लगेच बदलतो, गॅसचा मात्र दर अर्ध्या तासाने. रात्री सगळं निजल्यावर एकदा बघ, तेव्हाही वीज कुठे जातेय ते उमगेल. स्मार्ट थर्मोस्टॅट घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचार: हा बॉयलरची आच कमी-जास्त करतो, की नुसता चालू-बंद? आच कमी-जास्त करण्याची ‘ओपनथर्म’ ही पद्धत तुमच्या बॉयलरला चालत असेल तरच जास्तीचे पैसे मोज. फोन घराबाहेर गेला की हीटिंग आपोआप बंद होण्याची सोय रोज बाहेर पडणाऱ्यांना उपयोगाची, कोणीतरी सदैव घरी असेल तर तिचा काही फायदा नाही. तिथे खोलीगणिक वेगळं तापमान ठेवणाऱ्या स्मार्ट फिरक्या बऱ्या. त्या हाताने बसवता येतात, प्लंबर लागत नाही. घरमालकाला विचारून बसव, जुन्या फिरक्या पेटीत जपून ठेव आणि घर सोडताना आपल्या काढून ने. ॲपवरच सगळी भिस्त असलेलं यंत्र घेऊ नको. २०२५ च्या ऑक्टोबरात गूगलने आपल्या ‘नेस्ट’ या स्मार्ट थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांची ॲपची जोडणी बंद केली. भिंतीवर हाताने चालणारं यंत्र निदान चालत तरी राहतं.

तुमच्या वाट्याला गॅस नसलेला फ्लॅट आणि विटांचे स्टोरेज हीटर आले तर हिशेब वेगळा. ते रात्रीच्या सात स्वस्त तासांत तापतात. ‘इनपुट’ म्हणजे रात्री किती साठवायचं, ‘आउटपुट’ म्हणजे दिवसा किती सोडायचं. झोपताना आउटपुट बंद करायला विसरू नका. पुढे स्वतःचं घर घ्याल तेव्हा हीट पंपाचा विचार जरूर करा. तो एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची उष्णता देतो आणि इंग्लंड-वेल्समध्ये त्यासाठी साडेसात हजार पौंडांचं सरकारी अनुदान आहे. तो मात्र मंद आणि सलगच चालवायचा असतो.

बचतीच्या नादात घर कोंदट करू नकोस, हे मी कळकळीने सांगते. दाराखालची फट आणि पत्रपेटीचं तोंड बुजव, पण खिडकीच्या चौकटीवरच्या बारीक झडपा उघड्याच राहू देत. भाताची, आमटीची वाफ पंख्याने बाहेर काढ. कपडे रेडिएटरवर वाळत घातले की ते सगळं पाणी भिंतीत मुरतं आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. रोचडेलमधला दोन वर्षांचा अवाब इशाक २०२० मध्ये अशाच बुरशीपायी गेला, आणि आता त्याच्या नावाने कायदा आहे. बुरशी दिसली की घरमालकाला लेखी कळव, नुसती पुसून गप्प बसू नकोस.

बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश पुरेत. त्याहून गरम खोली तान्ह्यासाठी धोक्याची, म्हणून दुपटी वाढवू नको आणि टोपी घालून निजवू नको. ताई पुण्याहून येईल तेव्हा मात्र उलट वाग. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सांगते, म्हाताऱ्या माणसांना त्याहून जास्त हवं. तिच्या खोलीची फिरकी वाढव आणि तिच्यासमोर बिलाचा विषय काढू नकोस. ती संकोचाने कुडकुडत बसेल.

कडाक्याच्या थंडीत एखाद्या पहाटे बॉयलर गुडगुडून बंद पडला तर आधी बाहेरच्या भिंतीवरची पांढरी प्लास्टिकची बारीक नळी बघ. वाफेचं पाणी तिच्यातून वाहतं, ते गोठलेलं असेल. त्यावर कोमट पाणी ओत, उकळतं नको, आणि मग बॉयलर रीसेट कर. तरी सुरू झाला नाही तर झाकण उघडायचं नाही. गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसालाच बोलवायला घरमालकाला सांग, आणि तो येईपर्यंत बाळाला घेऊन माझ्याकडे ये.