न दिलेले घेणे : दुसरे शील आणि संगणकाचे सॉफ्टवेअर

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातील दुसरे शील अदिन्नादानापासून अलिप्त राहण्याचे आहे. 'चोरी करू नये' असा त्याचा अर्थ सांगून आपण मोकळे होतो. मूळ शब्द त्याहून बारीक आहे. जे दिलेले नाही ते घेणे, असा तो शब्द आहे. पेन ड्राइव्हवरून सॉफ्टवेअरची नक्कल उतरवून घेणे, कुलूप तोडलेले 'क्रॅक' सॉफ्टवेअर वापरणे, हे अदिन्नादान होय काय?

अट्ठकथांनी चोरीची पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याची असावी, ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्यास ठाऊक असावे, चोरीचे चित्त असावे, प्रयत्न व्हावा आणि वस्तू नेली जावी. अडचण पाचव्या अंगाची आहे. शेजाऱ्याची सायकल नेली तर त्याला पायी चालावे लागते. सॉफ्टवेअरची नक्कल केली तर मूळ प्रत जिथल्या तिथे राहते. मग त्याचे गेले काय? विद्यार्थी हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतात. त्यांना दटावून गप्प बसवणे हे काही उत्तर होत नाही.

अमेरिकेत 1975 साली अल्टेअर 8800 हा संगणक निघाला. त्यासाठी बेसिक ही भाषा बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी मॉन्टे डेव्हिडॉफ यांच्या मदतीने तयार केली. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर ती मिळे आणि हौशी मंडळी त्या फितीच्या नकला काढून एकमेकांना वाटत. 3 फेब्रुवारी 1976 रोजी गेट्स यांनी या मंडळींना उघडे पत्र लिहिले. अल्टेअरच्या मालकांपैकी 10 टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे, हिशेब केला तर आमच्या श्रमाला ताशी 2 डॉलरही पडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

म्हणजे गेली ती मजुरी. पहिली प्रत तयार करण्यास महिनोन्‌महिने लागतात, दुसरीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून पहिलीचा खर्च पुढच्या हजारो प्रतींवर वाटून वसूल करावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे वतनाच्या नावाखाली गावासाठी राबले, त्यांना श्रम घेऊन मोबदला न देणे म्हणजे काय हे मी वेगळे सांगायला नको.

परंतु कंपन्या प्रत्येक नकलेला बुडालेली विक्री धरतात, तो हिशेबही खरा नाही. ज्या घरात किराणा उधारीवर येतो, त्या घरचा मुलगा ते महागडे सॉफ्टवेअर विकत घेणारच नव्हता. उलट त्यावर हात बसला की नोकरीच्या ठिकाणी तो त्याचीच मागणी करतो. गेट्स यांनीच 1998 साली चीनविषयी बोलताना म्हटले होते की, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे; सवय लागली की पुढे वसुलीचा मार्ग काढू. ताशी 2 डॉलरसाठी कळवळणारा तरुण तो हाच!

चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात हा क्रम आलेला आहे. निर्धनांना धन मिळाले नाही म्हणून दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी वाढली. राजाने शिरच्छेद सुरू केला, तेव्हा लोकांनी शस्त्रे बनवून घेतली.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावल्या आल्या. 1994 च्या दुरुस्तीने कलम 63 ब घातले. जाणूनबुजून बेकायदा प्रत संगणकावर वापरणाऱ्यास किमान 7 दिवस व कमाल 3 वर्षे कैद त्यात सांगितली. मात्र वापर धंद्यातील लाभासाठी नसेल तर कैद न देण्याची मुभा न्यायालयास ठेवली. हा भेद मला योग्य वाटतो. शिकणाऱ्या पोरापेक्षा, भरमसाट फी घेऊन नकलेवर वर्ग चालवणारा क्लासवाला अधिक दोषी आहे. तसेच मराठी फॉन्ट तयार करणाऱ्या लहान कारागिराची मेहनत फुकट वापरून लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवालाही. मोठी कंपनी नकला पचवते, लहान माणूस त्यात मोडतो.

शिवाय नकलेची आता गरजही थोडीच उरली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1991 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स आणले. या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच वापरा, नक्कल करा, वाटा, असे लिहिलेले असते. म्हणजे ते दिन्न आहे, दिलेले आहे. केरळच्या सरकारी शाळा अशाच सॉफ्टवेअरवर शिकवतात. फुकटचे ते हलके, हा आपला जुना समज मात्र आडवा येतो. ऑटोकॅडसारखे महाग सॉफ्टवेअरही तिची कंपनी विद्यार्थ्यांना शिक्षणापुरते विनामूल्य देते. त्यासाठी विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतो. पत्रे-अहवालांसाठी लिबरऑफिस आहे, चित्रांसाठी इंकस्केप आणि गिम्प आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्टही खुल्या परवान्याचा आहे. जयंतीचे पत्रक त्यात उत्तम जुळते.