पाचवे शील आणि घसरणीची निमित्ते



दर रविवारी आपण विहारात त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शीलापाशी आलो की काही आवाज बारीक होतात. ज्यांनी दारूला कधी हात लावला नाही ते मोठ्याने म्हणतात. ज्यांची नुकतीच सुटली आहे, किंवा सुटली म्हणता म्हणता पुन्हा लागली आहे, ते नुसते ओठ हलवतात. प्रस्तुत लेख त्या बारीक आवाजांसाठी आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. प्रतिज्ञा घेताना माणूस खोटे बोलत नसतो. केंद्रात उपचार घेऊन परत येणाराही खोटे बोलत नसतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना १९८६ साली झाली. तेथील उपचार पस्तीस दिवसांचा असतो. पस्तीस दिवस माणूस तेथे असतो, छत्तिसाव्या दिवशी तो आपल्या जुन्या गल्लीत उतरतो. गल्ली तीच, कोपऱ्यावरचे दुकान तेच, मित्र तेच आणि पगाराची तारीखही तीच. खरा अभ्यास तेथून सुरू होतो आणि त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते.

आमच्या मंडळाच्या बैठकीला येणाऱ्या एका उपासकाचे उदाहरण त्यांच्या परवानगीने, नाव न देता, सांगतो. सफाई कामगार, वय पंचेचाळिशीच्या आसपास. अकरा महिने त्यांनी थेंबही घेतला नव्हता. एका गुरुवारी ते पिऊन घरी आले. नंतर बैठकीत म्हणाले, "काय झाले कळलेच नाही, अचानक झाले." आम्ही त्यांना दोष न देता वहीत एकेक दिवस मागे जात हिशोब मांडला.

गुरुवारी दारू प्याले. बुधवारी कामावरून येताना नेहमीचा रस्ता सोडून जुन्या रस्त्याने आले, कारण चपलेचा अंगठा तुटला होता आणि चांभार तिकडे बसतो. चांभाराच्या शेजारी देशी दारूचे दुकान आहे. मंगळवारी जोडून दोन पाळ्या केल्या आणि दुपारी जेवले नाहीत. सोमवारी गावच्या घराच्या वाटणीवरून भावाशी फोनवर भांडण झाले. रविवारी पाहुणे आले म्हणून बैठकीला आले नाहीत. शनिवारी चुलतभावाच्या मुलाची हळद होती. तेथे ते प्याले नाहीत, परंतु पिणाऱ्यांच्या घोळक्यात बसून त्यांच्या पेल्यांत पाणी ओतत राहिले. आणखी एक गोष्ट वहीत सर्वांत शेवटी आली, कारण ती सांगायला त्यांना जड गेले. वेतनाच्या फरकाची रक्कम बँकेत जमा झाली होती आणि ती त्यांनी पत्नीला सांगितली नव्हती.

गुरुवारी पेला हातात आला खरा, पण पाऊल शनिवारीच उचलले गेले होते. त्या आठवड्यातील एकही गोष्ट, पैशाची सोडली तर, स्वतंत्रपणे पाहता चूक म्हणता येत नाही. चप्पल तुटली तर माणूस शिवणारच.

येथे एक शब्द समजून घ्यावा. पिणाऱ्याला 'निमित्त' लागते असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला बहाणा अभिप्रेत असतो. पाली वाङ्मयात निमित्त म्हणजे खूण. डोळ्याने रूप पाहताना त्यातील खुणेला चिकटू नये, असे तथागतांनी इंद्रियसंयम शिकवताना सांगितले आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या विषयात एकत्र येतात. आधी खूण मनाला लागते आणि मग मन बहाणा शोधते. आजचे डॉक्टर या खुणेला ट्रिगर म्हणतात.

खुणा कोठून येतात? संयुत्त निकायातील किंसुक सुत्तात सहा दरवाजे असलेल्या सीमेवरील नगराची उपमा आहे. दरवाजे म्हणजे सहा इंद्रिये आणि द्वारपाल म्हणजे स्मृती, सति. द्वारपाल अनोळखी माणसाला अडवतो आणि ओळखीच्याला आत सोडतो. व्यसनी माणसाची अडचण अशी की त्याचा शत्रू चांगला ओळखीचा असतो! डोळ्याच्या दारातून दुकानाची पाटी येते. आजकाल मोबाईलवर मित्रांच्या पार्टीचे फोटो येतात. कानाच्या दारातून बाटलीचे झाकण फिरल्याचा आवाज येतो. नाकाच्या दाराबद्दल तर सफाईचे काम करणाऱ्या बांधवांनाच विचारावे. गटारात उतरताना तो वास सोसवत नाही म्हणून पहिला घोट घेतला, असे कितीतरी जण सांगतात. पुढे तोच वास दारूची आठवण करून देणारी खूण होतो. या माणसाला केवळ शील सांगून भागणार नाही. माणसाला गटारात उतरवणेच बंद झाले पाहिजे, हाही व्यसनमुक्तीचाच प्रश्न आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटाराची धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी आहे, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. जिभेच्या दारातून चखण्याचे खारे शेंगदाणे येतात. त्वचेच्या दारातून संध्याकाळची थंडी, पावसाची झड येते.

सहावे दार मनाचे, आणि सर्वांत जास्त रहदारी तेथेच असते. जगभरच्या व्यसनमुक्ती गटांत चार अवस्था सांभाळायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. वरच्या वहीत मंगळवारी भूक आणि थकवा आहे, सोमवारी राग आहे. केवळ दुःखच घात करते असेही नाही. मुलगा दहावीला पास झाला, घराचे पत्रे बदलले, जयंतीची मिरवणूक झकास झाली, अशा आनंदाच्या दिवशी घसरलेले आम्ही पाहिले आहेत.

जागेचा प्रभाव किती असतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. व्हिएतनाम युद्धातून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेने केला. तेथे असताना सुमारे एक-पंचमांश सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी शंभरात साधारण पाच जणच पुन्हा आहारी गेले. जागा, सोबती, रोजची भीती आणि सहज मिळणारे हेरॉइन, सारेच मागे राहिले होते. आपल्या माणसाला अशी सोय नसते, त्याला त्याच वस्तीत राहायचे असते. म्हणून त्याने निदान रस्ता बदलावा.

विद्यार्थ्यांनी येथे प्रतीत्यसमुत्पाद आठवावा. स्पर्शामुळे वेदना, वेदनेमुळे तृष्णा, तृष्णेमुळे उपादान. परीक्षेसाठी आपण ही साखळी पाठ करतो. दुकानासमोरून जाणाऱ्या माणसात ती काही क्षणांत घडते. पाटी दिसली हा स्पर्श. पोटात काहीतरी हलले, तोंडाला पाणी सुटले ही वेदना. "घ्यावी" ही तृष्णा. खिशात हात गेला हे उपादान. पाटी दिसणे त्याच्या हातात नाही, पोटात हलणेही नाही. वेदना आणि तृष्णा यांच्या मधल्या फटीत मात्र त्याला काही करता येते. तेथे "ही तलफ आहे" एवढे मनात म्हणता आले तरी वेळ मिळतो, आणि तलफ बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. ॲलन मार्लॅट (निधन २०११) तलफेला समुद्राच्या लाटेची उपमा देत. लाटेशी झुंजू नये, तिच्यावर तरंगत राहावे, ती आपोआप फुटते. पुन्हा घसरण्याच्या घटनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश घटना मनाची खिन्न अवस्था, आपल्या माणसांशी भांडण आणि इतरांचा आग्रह या तीन कारणांनी होतात, असे त्यांना आढळले. बौद्ध ध्यानाचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि सिएटल येथील तुरुंगातील विपश्यना शिबिरांचा त्यांनी अभ्यासही केला. विपश्यनेविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत, त्यात येथे शिरत नाही. मात्र ज्याची दारू नुकतीच सुटली आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या शिबिराला बसू नये.

मग त्या अर्ध्या तासात करावे काय? मज्झिम निकायातील विसावे सुत्त, वितक्कसंठान सुत्त, या प्रश्नाचेच उत्तर देते. नको असलेला विचार आला तर पाच उपाय क्रमाने करावेत. पहिला, सुतार लहान खुंटीने मोठी खुंटी बाहेर काढतो तसा त्याच्या जागी दुसरा चांगला विचार आणावा. आपल्यासाठी याचा अर्थ असा की पर्याय आधीच ठरलेला हवा: पोटभर खाणे, चहा, एखाद्या सोबत्याला फोन. दुसरा, त्या विचाराचे दुष्परिणाम पाहावेत. पिणाऱ्याला नेहमी पहिला पेला आठवतो. त्याने शेवटचा आठवावा, त्या रात्री मुले कोणत्या कोपऱ्यात बसली होती ते आठवावे. तिसरा, लक्ष काढून घ्यावे, म्हणजे सरळ तेथून उठून जावे. चौथा, विचाराचे मूळ शोधत त्याला शांत करावे. भरभर चालणारा माणूस "मी एवढी घाई का करतो आहे?" असे म्हणून हळू चालू लागतो, मग उभा राहतो, मग बसतो, तसे. आमची ती वही म्हणजे हाच उपाय आहे. पाचवा, दात आवळून, जीभ टाळूला लावून मनाला मनानेच दाबावे.

आपण नेमकी पाचव्यापासून सुरुवात करतो. घरचे म्हणतात "मन घट्ट कर", कार्यकर्ते म्हणतात "निर्धार कर". सुत्तात मात्र हा उपाय पहिले चार निष्फळ ठरले तरच सांगितला आहे. दात आवळून अकरा महिने कोणी राहू शकत नाही.

तरीही कोणी घसरलाच तर? सर्वांत घातक विचार दुसऱ्या पेल्यापूर्वी येतो. "शील मोडलेच आहे, आता बाटलीच का नको?" शीलाला पालीत शिक्षापद म्हणतात, ती शिकण्याची बाब आहे. ते पुन्हा ग्रहण करता येते, त्याच रात्रीही. आमच्या उपासकांनी गुरुवारी एक क्वार्टर घेतली आणि शुक्रवारी सकाळी सोबत्याला फोन केला. अकरा महिन्यांपैकी एकच दिवस गेला.

दोन धोके मात्र प्रत्येक घराला माहीत असावेत. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केले तर दोन-तीन दिवसांत झटके येणे, भास होणे असे प्रकार होऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. दुसरे, गर्द घेणारा काही आठवडे थांबला की शरीराची सवय मोडते. त्यानंतर त्याने जुन्याच प्रमाणात घेतले तर तेवढ्यानेच मृत्यू ओढवू शकतो. केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी, कारण दोष केवळ व्यक्तीचा नसतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत विहाराच्या मागच्या बाजूला काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याने महिनाभर दारू सोडली आहे त्याच्या खांद्यावर हात टाकून "भाऊ, आज तर आपला सण" म्हणणारे आपलेच कार्यकर्ते असतात, आणि तोच पडला की दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याची टिंगल करणारेही तेच. या वर्षी आम्ही मिरवणुकीच्या दिवशी अशा बांधवांना पाणीवाटप आणि भोजनदानाचे काम जोडीजोडीने दिले. संध्याकाळी सात ते दहा हा वेळ कोणी एकटा घालवायचा नाही असे ठरले. हळदी आणि लग्नांसाठीही हाच नियम करावा, असे महिला मंडळाचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे.

त्या उपासकांचे एटीएम कार्ड आता पत्नीकडे असते. जेवणाचा डबा ते पाळी सुरू होण्यापूर्वी तपासतात. चप्पल स्टेशनच्या बाजूला शिवून घेतात. तेथे दोन रुपये जास्त पडतात.

बैठक दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या वरच्या खोलीत होते. येताना एक वही आणावी. आठवड्यात घसरण झाली असेल त्याने अवश्य यावे, मागच्या सात दिवसांचा हिशोब सोबत बसून मांडता येतो. घरच्यांसाठी वेगळी बैठक महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते, पगार झाल्यानंतरची.

नमो बुद्धाय! जयभीम!