जुन्या गिअरबॉक्सला दुसरे इंजिन

दहिसरच्या गॅरेजवाल्या बांधवांनो, जुन्या जीपचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणे आपल्या मिस्त्रींना नवे नाही. बोल्ट जुळले की काम झाले, हा समज आम्हाला महागात पडला. दोन महिन्यांत बेअरिंग गेले, गिअरबॉक्स पदरच्या पैशाने भरून द्यावा लागला.

मधली प्लेट नुसती सुबक असून भागत नाही. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्रँकच्या नेमक्या मध्यावर हवा. गिअरबॉक्स चढवण्याआधी फ्लायव्हीलला डायल गेज लावून क्रँक फिरवा. हाउसिंगच्या भोकात काटा पाच थाऊंहून, म्हणजे ०.१३ मिलिमीटरहून जास्त हलला, तर त्याच्या निम्मी प्लेट सरकवा. क्लच प्लेटचे दाते शाफ्टच्या मापाचे, व्यास मात्र फ्लायव्हीलचा.

मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यास आरटीओची मंजुरी लागते. गिऱ्हाइकाने ती आणल्यावरच आम्ही पाना हाती घेतो.